कोरड्या तलावातला ड्रमर

बँडच्या सगळ्या जुन्या व्हिडिओंचा एकत्र संच निघणार असं ठरलं, तेव्हा पहिला फोन वहिनीला आला. तोही शर्टासाठी.

"वहिनी, छतावरच्या गाण्यात माझा शर्ट कुठल्या रंगाचा होता हो?" गायक विचारत होता. "इथली व्हिडिओ साफ करणारी बाई म्हणते जांभळा, लंबू म्हणतो निळा. मला तर वाटतं, मी शर्ट घातलाच नव्हता."

"वांगी रंगाचा होता. आणि घातला होता, भावजी. बटणं लावली नव्हती, एवढंच."

पलीकडून गायक खो खो हसला. सत्तरीला टेकला तरी त्याचं हसू अजून स्टेजवरचंच होतं, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारं. "मग तुम्हीच येऊन बसा इथं. गाणी आम्ही केली, पण रंग फक्त तुम्हाला ठाऊक."

तसं ते खरंच होतं. ती त्या बँडची वहिनी. लग्न ड्रमरशी झालं, पण वहिनी सगळ्यांची. गायकाची, लंबूची, आणि गिटार वाजवणाऱ्या मास्तरचीही. मास्तर दिवसा शाळेत शिकवायचा आणि सुट्टीत केस मोकळे सोडायचा. तो गेला, त्याला दोन हिवाळे झाले. या चौघांच्या अंगावर पडद्यावर जे काही दिसलं, ते वहिनीच्या मशीनखालून गेलेलं. खाली लाँड्री आणि वर दोन खोल्या, अशा घरात खिडकीपाशी तिचं पायाचं मशीन होतं. आजही होतं. लोकांच्या पँटी आखूड करून दे, चेन बदलून दे, लग्नानंतर जाड झालेल्यांचे कोट उसवून दे, यावर घराचा निम्मा भार होता. बाकीचा निम्मा तिच्या नवऱ्याच्या नावावर चालायचा, आणि नाव होतं ते एका गाण्यामुळं.

नवऱ्याला सगळे ढगोबा म्हणायचे. अंग मोठं, आवाज गडगडाटी आणि हात त्याहून गडगडाटी. आता गुडघे गेले होते. जिना तो खेकड्यासारखा तिरका उतरायचा. पण सकाळी बनियनवर बसून सरावाच्या रबरी चकतीवर काठ्या चालवल्याशिवाय चहा घ्यायचा नाही. दारू सोडून त्याला इतकी वर्षं झाली होती, की गल्लीतल्या पोरांना तो कधी प्यायचा हे सांगून पटलं नसतं. ज्यांच्या घरात पिणारं माणूस होतं ते त्याला ढगोबाकडे घेऊन यायचे. मग ढगोबा त्याला समोर बसवून तलावाच्या गाण्याची गोष्ट सांगायचा.

"त्या शूटिंगच्या दिवसातलं मला काही म्हणजे काही आठवत नाही," तो म्हणायचा. "तरी बघ पडद्यावर, हात कसे घड्याळासारखे चाललेत! लोक म्हणाले वा, आणि मी घाबरलो. म्हटलं, मी शुद्धीत नसताना जो माणूस इतकं नीट वाजवतो, तो आणखी काय काय करत असेल? त्या भीतीनं सोडली, बाबा. भीतीनं."

ऐकणाऱ्यांपैकी काहींनी खरंच सोडली. वहिनी मशीनवर मान घालून बसलेली असायची. तिचा पाय थांबायचा नाही.

फोन आला त्या आठवड्यात घरात आणखी एक गोष्ट चालू होती. लेक माहेरी आली होती. तिशी ओलांडली तरी ती घरात छोटीच होती. "चार दिवस राहते," म्हणून आली आणि तिसरा आठवडा उजाडला. पहिल्या दिवशी भांडी घासताना बाही वर सरकली, तेव्हा वहिनीला मनगटाच्या वर पिवळा-निळा डाग दिसला. तिनं नुसतं पाहिलं.

"कपाटाचं दार लागलं," छोटी म्हणाली.

वहिनीनं पुढं विचारलं नाही. ते वाक्य तिच्या ओळखीचं होतं, अगदी कपाटासकट.

ढगोबानं मात्र विचारलं. लेकीकडून अर्धंमुर्धं काढून घेतलं, जावयाशी फोनवर तासभर बोलला आणि निकाल दिला. "माणूस तापट आहे, वाईट नाही. रविवारी तो घ्यायला येतोय. मी शब्द दिलाय. तू जा, मी त्याला नीट समजावून पाठवतो. संसारात रागलोभ असतात, छोटे. आमच्याकडं बघ."

"बघते की," छोटी म्हणाली. "म्हणूनच वाटतं, माझंच कुठंतरी चुकत असेल. तुमचं इतकं छान चाललं. मलाच का जमत नाही?"

वहिनीच्या हातातलं ताट पुसून झालं होतं, तरी ती पुसतच राहिली.

*

व्हिडिओ साफ करायची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. जाड काळे पडदे, दोन मोठे पडदेवजा टीव्ही, आणि कपडे वाळत घालावेत तशा सगळीकडे लोंबणाऱ्या वायरी. तिथं काम करणाऱ्या बाईला वहिनीनं मनातल्या मनात चष्मेवाली म्हणून टाकलं, कारण एक चष्मा नाकावर होता आणि दुसरा डोक्यावर. डोक्यावरचा ती अधूनमधून शोधायची.

"काकू, तुम्ही इतकी वर्षं टीव्हीवर जे बघितलंत ना, ती प्रतीची प्रत, तिचीही प्रत," चष्मेवालीनं समजावलं. "दिग्दर्शक वारले, त्यांच्या माळ्यावर मूळ फिल्मचे डबे सापडले. आम्ही आता थेट फिल्मवरून घेतोय. धूळ झाडायची, ओरखडे पुसायचे, अंधार आहे तिथं उजेड आणायचा. लोकांना आता सगळं लख्ख बघायची सवय झालीय."

"म्हणजे लाँड्रीच," वहिनी म्हणाली.

"लाँड्रीच! पण इथं कपडे फाटले तर शिवता येत नाहीत."

गायक आणि लंबू मागच्या सोफ्यावर बसले होते. एकेक गाणं येत होतं. छतावरचं गाणं आलं. वांगी शर्ट पुन्हा वांगी झाला. रेल्वेच्या रिकाम्या डब्यातलं गाणं आलं, त्यात मास्तर खिडकीतून बाहेर बघत होता आणि त्याच्या कॉलरची एक बाजू वर राहिली होती. वहिनीला तेव्हाच ती दिसली होती, पण कॅमेरा सुरू झाला होता. आता तर मास्तरही नव्हता, कॉलर खाली करायला. लंबूनं नाक ओढलं.

"रडतोस काय रे," गायक म्हणाला.

"सर्दी आहे. तुझा विग बघून रडू येतंय."

"तो विग नव्हता!"

"तेव्हा नव्हता," लंबू म्हणाला.

मग तलावाचं गाणं आलं.

ज्या गाण्यानं त्यांना नाव दिलं ते हे. पोहण्याचा जुना तलाव, पाणी काढून कोरडा केलेला. उथळ बाजूला गायक, उतारावर मास्तर आणि लंबू, आणि अगदी खोल टोकाला धुरात बुडालेला ड्रमर. निळा उजेड. लोकांनी हजारदा पाहिलं होतं. ड्रमर म्हणजे एक टोपी, एक काळा गोळा आणि दोन उडत्या काठ्या. तेवढंच. त्याच्यामुळंच त्या व्हिडिओला गूढपणा आला, असं पुढं कुणीकुणी लिहिलंही.

आता धूर विरळ झाला होता. टोपीच्या खाली हनुवटी आली. कॉलरमध्ये खुपसलेली वेणी आली. जाकिटाच्या खांद्यांची शिवण दंडापर्यंत लोंबत होती, कारण ते जाकीट त्या अंगाचं नव्हतंच.

"एक मिनिट," चष्मेवाली म्हणाली. तिनं चित्र थांबवलं आणि मोठं केलं. "हा ड्रमर… ही बाई आहे?"

मागं गायकानं लंबूकडं पाहिलं.

"आणि हिचा डोळा…" चष्मेवालीनं मान वळवून वहिनीकडं पाहिलं, आणि परत पडद्याकडं.

टोपीच्या कडेखाली डावा डोळा मिटलेला होता. पापणी फुगून गालावर आली होती. ओठाचा कोपरा काळा होता.

*

झालं होतं ते असं. तलाव त्यांना एकाच दिवसासाठी मिळाला होता. दुसऱ्या दिवशी तो बुजवायला यंत्रं येणार होती. आदल्या संध्याकाळी ढगोबा घरी आला तो तोल जात. शूटिंगसाठी शिवलेला शर्ट घालून पाहिला, तर बाही दंडात तंग झाली. वहिनी म्हणाली, "हात खाली घ्या, बघते." पुढचं तिला नीट सांगता येणार नाही. एवढंच, की त्याचा हात खाली आला नाही.

सकाळी तो उठेना. मास्तरनं आणि लंबूनं त्याला धरून व्हॅनमध्ये घातलं आणि तलावाच्या कपडे बदलायच्या खोलीत टॉवेलांच्या ढिगावर निजवलं. दिग्दर्शक केस उपटायला लागला. ड्रमरशिवाय ते चित्र कसं घेणार? पण अशा शूटिंगला ड्रम वाजत नसतात. गाणं आधीच तयार असतं, ते भोंग्यावर लावायचं आणि सगळ्यांनी त्याच्याबरोबर हात हलवायचे. ड्रमच्या पोटात पांघरुणं कोंबलेली, झांजांना मागून चिकटपट्ट्या. म्हणजे ज्याला ठोके माहीत आहेत असं कुणीही चालतं.

ठोके वहिनीला माहीत होते. त्या दोन खोल्यांत तो रबरावर ठोकायचा आणि ती मशीन मारायची, वर्षानुवर्षं. तिचा पाय आपोआप त्याच्या तालावर पडायचा. शिवण चुकायची नाही, ठोकाही चुकायचा नाही. तिनं त्याचं जाकीट घातलं, वेणी आत खुपसली आणि शिडीनं खोल टोकाला उतरली.

दिवस मावळताना ढगोबाला जाग आली. सामान बांधलं जात होतं. तो भिंत धरून बाहेर आला आणि गायकानं रागानं, टोमणा म्हणून, सगळ्यांदेखत टाळ्या वाजवल्या. "वा! काय वाजवलंस रे आज!"

ढगोबाला तो टोमणा कळला नाही. त्याला ते खरं वाटलं.

आणि मग ते मोडायची कुणाची छाती झाली नाही. आधी वाटलं, उद्या सांगू. उद्या व्हिडिओ टीव्हीवर आला. परवा त्यानं बाटल्या मोरीत ओतल्या. एकदा त्यानं दारू सोडली म्हटल्यावर, ज्या खुंटीवर ती सोडण्याची गोष्ट टांगली होती ती खुंटी कोण उपटणार? वहिनीनं तर नाहीच. ढगोबानं डोळ्याचं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, कपाटाचं दार लागलं.

*

"तुम्ही बसला होतात ते मला माहीत होतं, वहिनी," काळ्या पडद्यांच्या खोलीत गायक म्हणाला. त्याचा स्टेजवरचा आवाज गेला होता. "डोळ्याचं माहीत नव्हतं. शपथ."

"माहीत होतं," लंबू म्हणाला.

"लंबू…"

"तुला माहीत होतं. मला होतं. मास्तरला होतं. आपण काय म्हणालो तेव्हा? 'वहिनी, टोपी जरा खाली ओढा.' मी म्हणालो ते. मीच."

कुठंतरी पंखा घरघरत होता. चष्मेवाली हलक्या आवाजात म्हणाली, "काकू, अंधार करणं फार सोपं असतं. तेवढाच भाग पुन्हा काळा करते. कुणाला कळणारही नाही."

"करून टाका," गायक घाईनं म्हणाला. "ढगोबाला कळलं तर तो… त्याचं वय, त्याचं ते सगळं… काय, वहिनी?"

वहिनी पडद्याकडं पाहत होती. लाज वाटेल असं तिला वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. तिला दिसत होती ती पडद्यावरची मुलगी. छोटीपेक्षाही लहान. एका डोळ्यानं पाहत होती, पण काठी बरोबर पडत होती. मनगट सैल होतं, जसं असायला हवं तसं. इतक्या सगळ्या गाण्यांत तिनं शिवलेले शर्ट होते, आणि फक्त या एकात ती होती. ती पुन्हा काळी करायची.

"थांबा," ती म्हणाली. "लगेच काही करू नका. मला हे असंच्या असं घरी न्यायला मिळेल का?"

*

त्या संध्याकाळी जेवताना ढगोबानं विचारलं, "कसं झालंय माझं तलावाचं?"

"स्वच्छ झालंय."

"हात दिसतात का नीट? लोकांना हात दिसले पाहिजेत." मग तो लेकीकडं वळला. छोटी भात चिवडत बसली होती. "खा गं. रविवारी जायचंय, तोंड असं करून जाणार का? तुझ्या आईला विचार. इतक्या वर्षांत मी हिच्यावर कधी हात उगारला का? विचार की!"

छोटीनं आईकडं पाहिलं. ती खरंच विचारत होती.

आता बोलावं, असं वहिनीला वाटलं. जीभ उचललीही. आणि तोंडातून आलं, "जेवून घ्या. गार होतंय."

त्या गोष्टीची तिला जितकी शरम वाटली, तितकी त्या सुजलेल्या डोळ्याचीही कधी वाटली नव्हती. बाकी सगळं त्यानं केलं होतं. हे तिनं केलं. लेकीसमोर, शुद्धीत, वाढपाचा चमचा हातात धरून.

सकाळी तिनं चष्मेवालीला फोन केला. "ते काळं करू नका. आहे तसं राहू दे."

"काकू, हे सगळीकडे जाणार आहे. नीट विचार केलात ना?"

"कधीचाच करायला हवा होता," वहिनी म्हणाली.

*

शनिवारी दुपारी तिनं पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला. ढगोबा खुर्चीत सरसावून बसला, काठ्या घेऊन, मांड्यांवर वाजवायला. छोटी दाराला टेकून उभी राहिली.

गाणं सुरू झालं. पहिल्या कडव्याला ढगोबा बरोबर वाजवत होता. मान डोलत होती. मग कॅमेरा उतारावरून खोल टोकाकडं गेला, आणि काठ्या मांडीवरच राहिल्या.

"हा कोण?"

तो पुढं वाकला.

"टोपी माझी आहे," ढगोबा म्हणाला.

"हो."

"जाकीटही माझंच आहे."

"हो."

"मग हा आत कोण आहे?"

"मी आहे."

तो हसला. "चल! काहीतरीच." त्यानं लेकीकडं पाहिलं, तीही हसेल म्हणून. "त्या बाईनं साफ करता करता काहीतरी गोंधळ घातलाय. मी होतो ना तिथं! लंबूला विचार."

"तुम्ही तिथं होतात. टॉवेलांवर झोपला होतात. भावजींनी टाळ्या वाजवल्या ते रागानं. तुम्हाला ते खरं वाटलं, आणि आम्ही वाटू दिलं."

छोटी पडद्याजवळ गेली. रिमोट घेऊन तिनं चित्र थांबवलं आणि इतक्या जवळून पाहिलं, की पडद्याचा निळा उजेड तिच्या तोंडावर आला.

"आई. डोळा."

वहिनीनं रात्रंदिवस घोकून वाक्यं तयार केली होती. त्यातलं एकही आलं नाही. "बाही तंग झाली होती," ती म्हणाली. "दंडात. मी नीट मापली नव्हती."

छोटीचा हात आपोआप स्वतःच्या मनगटावर गेला. तिला ते कळलंही नसेल.

"मला आठवत नाही," ढगोबा म्हणाला. आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा होता. "देवाशप्पथ, मला आठवत नाही."

"माहीत आहे मला."

"एकदाच ना? तेवढं एकदाच ना?"

खाली लाँड्रीत वाफेची इस्त्री फुसफुसली. वहिनीला वाटलं, हो म्हणावं. म्हातारा माणूस आहे, गुडघे गेलेत, एवढं एक तरी द्यावं. तिनं पडद्यावरच्या मुलीकडं पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "पण नंतर कधी नाही. सोडल्यावर कधीच नाही."

दुसरं वाक्य त्याच्यापर्यंत पोहोचलं नाही, हे तिला दिसलं. त्यानं दोन्ही काठ्या एका मुठीत धरल्या. मग पहिलं जे बोलला ते असं, "हे असंच बाजारात जाणार? लोक बघणार हे?"

"हो."

"काळं करता येत नाही?"

"येतं. मी नको म्हणाले."

तो उठला. खुर्चीचा हात धरून, मग भिंत धरून आतल्या खोलीत गेला आणि कडी लावली.

छोटी अजून पडद्यासमोरच उभी होती. वहिनीला वाटलं होतं, पोर येऊन गळ्यात पडेल. तसं झालं नाही. ती वळली तेव्हा तिच्या डोळ्यांत राग होता, आणि तो बाबांवरचा नव्हता.

"मी गेल्या वेळी रडत आले होते," ती म्हणाली. "तेव्हा तू मला काय म्हणालीस? 'बाबांकडून शीक, शांतपणा कसा असतो.' मी शिकत होते, आई. तिथं बसून शिकत होते! आणि उद्या मी गेले असते. तू खाली उतरून मला सोडायला आली असतीस."

"आले असते," वहिनी म्हणाली. "गेल्या आठवड्यापर्यंत आले असते."

छोटीनं टीव्ही बंद केला. जेवली नाही. पण उद्या जाते असंही म्हणाली नाही.

*

रविवारी जावई आला. दाढी नीट केलेली, हातात फळांची पिशवी. गॅलरीतून येताना दिसला तेव्हाच छोटी स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला पाठ लावून उभी राहिली. आतल्या खोलीचं दार बंदच होतं. ढगोबा सकाळी बाहेर आला होता तो तोंड धुण्यापुरता. चहा त्यानं आतच घेतला.

वहिनीनं दार उघडलं, पण अर्धंच, आणि चौकटीत उभी राहिली.

"नमस्कार, आई. बाबा कुठायत?"

"त्यांना बरं नाही. माझ्याशी बोला."

"बाबांशी बोलणं झालंय माझं. छोटी तयार आहे ना?"

"छोटी येणार नाही."

त्याला आधी ते कळलंच नाही. तो हसला. "येणार नाही म्हणजे? बाबांनी शब्द दिलाय मला."

"बाबांचा शब्द बाबांकडं मागा. पोर माझ्याकडं आहे."

"मग बोलवा ना त्यांना! बाबा!" त्यानं तिच्या खांद्यावरून आत हाक मारली. "बाबा, जरा बाहेर या! आई काय बोलतायत बघा!"

आतून रबरावर काठ्या पडत होत्या, बारीक, हळू. त्या हाकेला त्या थांबल्या.

वहिनीनं कान तिकडं लावला. मागं वळून पाहिलं नाही, पण सगळं अंग ऐकत होतं. आता कडी निघेल. गुडघे दुखत असले तरी तो येईल. काही बोलायला नको, नुसता तो मोठा देह येऊन तिच्या मागं उभा राहिला तरी पुरे. इतकी वर्षं लोकांच्या नवऱ्यांना समोर बसवून बोलणारा माणूस. तिला खरंच वाटत होतं, की तो येईल. आदल्या दिवशी जे झालं ते होऊनही वाटत होतं.

कडी निघाली नाही.

जावयालाही ते कळलं. त्याचा आवाज बदलला. "ठीक आहे. ती माझी बायको आहे, मी तिला विचारतो." आणि त्यानं दार ढकललं. वहिनीनं पाय रोवला. दार तिच्या कोपरावर आलं, सगळ्या भारानिशी. डोळ्यांपुढं काजवे चमकले, पण ती चौकटीतून हलली नाही. मागून छोटी ओरडली, "माझ्या आईला हात लावायचा नाही!" तो आवाज ढगोबाचाच होता, तसाच गडगडाटी. गॅलरीतली दोन दारं उघडली. लाँड्रीवाला जिन्याच्या तोंडाशी येऊन वर बघायला लागला.

जावयानं पिशवी तिथंच टाकली. "पस्तावाल," म्हणाला. "बाबा असे नाहीत. तुम्हीच तिचे कान भरलेत." मग धाडधाड जिना उतरला.

वहिनीनं दार लावलं आणि त्याला टेकून श्वास घेतला. छोटी तिच्यासमोर आली. छोटीनं आईचा हात धरून तिला खुर्चीत बसवलं, आणि बाही वर केली, आणि बर्फ आणायला गेली.

आतल्या खोलीत काठ्या पुन्हा सुरू झाल्या नाहीत.

संध्याकाळी दिवे लागल्यावर ढगोबा बाहेर आला. एका दिवसात त्याचे खांदे उतरले होते. ताटावर बसला.

"गेला?"

"गेला," वहिनी म्हणाली.

"पुन्हा येईल तो."

"येऊ दे."

त्यानं मान हलवली. छोटी तिचं ताट घेऊन खिडकीपाशी मशीनच्या स्टुलावर जाऊन बसली, त्यांच्याकडं पाठ करून. वहिनी डाव्या हातानं वाढत होती. उजवा कोपर सुजून बाहीत मावत नव्हता.

ढगोबानं ते पाहिलं. बऱ्याच वेळानं विचारलं, "कोपराला काय झालं?"

"जावयानं दार ढकललं," वहिनी म्हणाली. "तुम्ही आत होतात."

त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. ताट पुढं ओढलं, आणि त्यातलं काहीही न खाता त्याच्याकडं बघत बसून राहिला.